फुवाहमुलाला टायगर शार्कसोबत डाइव्ह: नेमकी तयारी काय हवी?

निळाई

जानेवारीत आम्ही दोघं मालदीवला जातोय, त्यातले काही दिवस फुवाहमुलासाठी ठेवलेत. दोघांचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा कोर्स झालाय. आजवरच्या डाइव्हची संख्या पन्नाशीच्या आतच, बहुतेक अंदमान आणि नेत्राणीच्या. शार्क म्हणाल तर लांबून दिसलेले व्हाइटटिप, बाकी काही नाही.

प्रश्न असे:

१. तिथल्या प्रत्येक डाइव्ह सेंटरच्या पानावर "पूर्णपणे सुरक्षित" लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास नाही. धोका नेमका कुठे असतो?
२. वजनं, सूट, हातमोजे, कॅमेरा यात नेहमीपेक्षा काय वेगळं करायचं?
३. मनगटावर बांधायचे चुंबकाचे पट्टे मिळतात, त्यांचा काही उपयोग आहे का?
४. तारखा अशा येताहेत की माझी पाळी त्याच दिवसांत असेल. डाइव्ह रद्द करावी का?

"शार्क माणसांना काही करत नाहीत, नारळ पडून जास्त माणसं मरतात" असे प्रतिसाद कृपया नकोत. ते भरपूर वाचून झालेत.

---

दर्यावर्दी

आधी जागा समजून घ्या, मग निम्मे नियम आपोआप कळतील.

फुवाहमुला हे विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेला असलेलं एकटं बेट. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खोल जातो. मच्छीमार बंदरात ट्यूना साफ करतात, डोकी आणि आतडी पाण्यात टाकतात, त्या वासावर टायगर शार्क येत राहिले. मालदीवने २०१० मध्ये शार्क पकडायलाच बंदी घातली, त्यामुळे ते टिकलेही. फोटोंवरून ओळख पटवून केलेल्या अभ्यासात इथे दोनशेहून जास्त वेगवेगळे टायगर नोंदले गेलेत, त्यात बहुतेक मोठ्या माद्या. तीन-साडेतीन मीटरची मादी इथे नेहमीची. डाइव्ह बंदराच्या जवळच, साधारण ८ ते १२ मीटरवर. गाइड ट्यूनाची डोकी दगडांखाली दाबून ठेवतो, शार्क ती हुंगत फिरतात आणि पाहुणे एका बाजूला रांगेत बसून बघतात.

आता धोका कुठे. तळाशी रांगेत बसलेले असताना तो सगळ्यात कमी असतो, कारण पाठ सुरक्षित असते, सगळ्यांच्या नजरा समोर असतात आणि गाइड हजर असतात. टायगर दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. खालून किंवा मागून येतो, पृष्ठभागावरच्या कासवाची, पक्ष्याची काळी आकृती हेरतो. म्हणून पहिली दोन मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं जपायची. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कोस्टा रिकाच्या कोकोस बेटावर न्यूयॉर्कच्या एका भारतीय वंशाच्या महिलेचा टायगरच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तो डाइव्ह संपवून वर येताना. तिथे आमिषही नव्हतं.

उतरताना. निगेटिव्ह एंट्री करायची, म्हणजे बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करून उडी मारायची आणि पृष्ठभागावर न थांबता थेट खाली जायचं. यात दोन गोष्टी बिघडतात. एक, सिलिंडर बंद राहिलेलं किंवा अर्धवट उघडलेलं. बीसीडीत हवा नाही, वरून वजन, आणि खाली गेल्यावर रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र) हवा येत नाही: याहून वाईट सुरुवात नाही. उडीच्या आधी सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत तीन-चार दीर्घ श्वास घ्या. काटा हलत असेल तर व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. दोन, कान. चार मीटरवर कान अडकला की माणूस गटापासून सुटून मधल्या पाण्यात एकटा लटकतो. बोटीवरच एकदा कान मोकळे करा. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर जाऊच नका.

बसायची जागा. वास प्रवाहाबरोबर खाली वाहतो आणि शार्क त्या वासाच्या रेषेतून वर येतो. आमिषाच्या खालच्या बाजूला बसणं म्हणजे त्याच्या वाटेत पाट मांडणं. रांग प्रवाहाच्या वरच्या अंगाला किंवा बाजूला हवी, पाठीशी उतार किंवा खडक हवा. खांद्याला खांदा, मध्ये फट नको, दोन्ही टोकांना गाइड. गुडघ्यांवर बसायचं, हात छातीशी. फिन मारून धुरळा उडवू नका. गढूळ पाण्यात शार्कला डोळ्यांनी दिसेनासं होतं, मग तो नाकाने आणि तोंडाने चाचपतो. टायगरच्या बाबतीत "तोंडाने चाचपणं" म्हणजे काय ते सांगायला नको.

नजर. जवळून जाणाऱ्या शार्ककडे तोंड वळवत राहा, तो पूर्ण लांब जाईपर्यंत. आपल्याकडे बघणाऱ्या डाइव्हरकडे तो सहसा तिरका येऊन वळतो, पाठ वळवलेल्याकडे सरळ येतो. आणि एकाचंच शूटिंग करत बसू नका. तुमच्या डावीकडून येणाऱ्यावर डावीकडच्याचं लक्ष, हे आधी वाटून घ्या.

टायगर संथ पोहतो याचा अर्थ तो शांत आहे असा नाही. बघायचं ते हे: प्रत्येक फेरीला वळण जवळ येतंय का, एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा येतोय का, हालचाल एकाएकी झटक्याची झाली का. असं झालं तर मागे सरकायचं नाही, वर तर अजिबात पळायचं नाही. कॅमेरा किंवा फिन त्याच्या आणि आपल्या मध्ये धरून जागेवर थांबायचं. पुढचं काम गाइडचं.

हवा. इथे बरेच जण फसतात. ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखून उरते १६५०. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे वर मिनिटाला २० लिटर ओढणारा इथे ४० ओढतो, त्याला ४१ मिनिटं मिळतात. पहिल्यांदा टायगर बघणारा माणूस सहज ३० च्या हिशेबाने ओढतो, म्हणजे खाली ६०. उरली २७ मिनिटं. म्हणून इथे परतीचा आकडा ५० नको, ८० बार ठेवा. कारण आमिषाच्या डोक्यावरून वर यायचं नसतं. आधी गटाने पाच-सात मिनिटं पोहत लांब जायचं, मग मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू वर.

सेफ्टी स्टॉप. पाच मीटरवर तीन मिनिटं, गोल करून पाठीला पाठ, सगळे उभे. एकजण कायम खाली बघतो. एसएमबी (बोटीला जागा दाखवणारा तरंगता फुगा) खालूनच सोडायचा, म्हणजे बोट आधी येऊन थांबते. पृष्ठभागावर आल्यावर मास्क आणि रेग्युलेटर जागेवर, तोंड पाण्यात, खाली नजर. शिडी हातात आल्याशिवाय फिन काढू नका आणि एकमेकांना "काय मस्त होती ना" हे बोटीत बसून सांगा. लोक नेमके इथेच ढिले पडतात.

---

मालवणी_मुशी

वरच्याला +१. वजनं आणि सामानाबद्दल भर घालतो.

अल्युमिनियमच्या सिलिंडरमधली १५० बार हवा संपली की ते जवळजवळ दोन किलोनं हलकं होतं. सुरुवातीला नीट बसलेला माणूस शेवटी तरंगायला लागतो, हात मारायला लागतो. हात मारणं हीच इथली सगळ्यात वाईट सवय. म्हणून नेहमीच्या वजनावर १ ते २ किलो जास्त घ्या. पण आधी "नेहमीचं" बरोबर आहे का ते बघा: ५० बार उरलेले, बीसीडी रिकामी, आणि पाच मीटरवर स्थिर थांबता येतंय, ते तुमचं खरं वजन. चार किलो जादा घेऊन दगडासारखं बसू नका. मग वर येताना बीसीडीत भरलेली हवा फुगत जाते आणि माणूस बुचासारखा उडतो, तोही नको तिथे.

सूट पूर्ण अंगाचा, ३ मिमी, काळा किंवा गडद. हातमोजे आणि हूडही गडद. मालदीवमध्ये प्रवाळाला हात लागू नयेत म्हणून एरवी बऱ्याच ठिकाणी हातमोजे घालू देत नाहीत, पण या डाइव्हला ते हवेच. उघडे, फिकट तळवे हलताना आमिषासारखे दिसतात. बऱ्याच शार्कना रंग फारसे कळत नाहीत, फिका आणि गडद यातला फरक मात्र चटकन दिसतो. म्हणून काळ्या सूटवर पांढरे किंवा पिवळे फिन असतील तर तिथलेच काळे भाड्याने घ्या. अंगठ्या, पैंजण, चकचकीत घड्याळ खोलीवर.

बोटीवर आमिषाचा डबा असतो. त्याच्या जवळ सामान लावू नका, त्याला हात लावू नका. लावलाच तर साबणाने धुवा. हातमोज्याला ट्यूनाचं रक्त लागलेलं असताना तोच हात पुढे करून कॅमेरा धरणारे लोक असतात.

कॅमेरा दोन्ही हातांत, कोपर अंगाशी. लांब सेल्फी स्टिक नको. काठीच्या टोकाला चकाकणारी छोटी वस्तू हलवणं म्हणजे मासा दाखवणं. शार्कच्या नाकावरच्या छिद्रांना अगदी क्षीण विद्युतक्षेत्रही कळतं, त्यामुळे धातू आणि बॅटरीवाल्या वस्तू ते जवळून तपासतात. कॅमेरा तोंडात धरलाच तर सोडून द्या. ओढाताण करायची नाही. म्हणून कॅमेऱ्याची दोरी मनगटाला गाठ मारून बांधू नये, सुटणारी असावी.

शार्कच्या डोक्यावर हात ठेवून त्याला वळवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते गाइड कोपर ताठ ठेवून, तळवा थुंथनीच्या वरच्या बाजूला टेकवून स्वतःला बाजूला ढकलतात. हात चुकून बोटभर खाली गेला तर थेट दातांत. पाहुण्याने ते करायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

चुंबकाचे पट्टे: पैसे वाचवा. ऑस्ट्रेलियात ग्रेट व्हाइटवर अशी पाच साधनं तपासली होती, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. विद्युत झटका देणाऱ्या एका यंत्राने आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० वर आणलं. चुंबकाच्या पट्ट्याने म्हणावा असा फरक पडला नाही. आणि ज्या डाइव्हला आपणच आमिष ठेवून बोलावतो तिथे पळवून लावणारं यंत्र लावणं जरा विनोदीच आहे.

जायच्या आधी एक परीक्षा द्या. तारकर्लीला द्या नाहीतर नेत्राणीला: पाच मीटरवर, वाळूपासून एक मीटर वर, हात बांधून पाच मिनिटं तरंगत थांबायचं. खोली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त बदलता कामा नये. दोघांपैकी ज्याला जमणार नाही त्याने आधी बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात एका खोलीवर स्थिर तरंगायला शिकण्यावर, पैसे खर्च करावेत.

---

कॅज्युअल्टी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: पाळीमुळे शार्कचा धोका वाढतो असा पुरावा नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरा, डाइव्ह करा. मात्र पोटात कळा असतील, उलट्या होत असतील, रक्तस्राव जास्त होऊन गळून गेल्यासारखं वाटत असेल तर त्या कारणासाठी विश्रांती घ्या. गळालेला माणूस पाण्यात वाईट निर्णय घेतो.

आता ज्याबद्दल सेंटरवाले बोलत नाहीत ते. शार्कच्या चाव्यात जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तस्रावाने, आणि तो काही मिनिटांत. म्हणून बोटीवर टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) आहे का हा पहिला प्रश्न विचारा. प्रथमोपचार पेटी दाखवतील, त्यात बँडेज आणि आयोडीन असतं. त्याने भागत नाही. दोन टूर्निकेट स्वतः न्या, वजनाला काहीच नाहीत, आणि घरी एकमेकांच्या मांडीवर बांधून बघा.

पाण्याखाली चावा बसला तर रेग्युलेटर तोंडात ठेवून, जखमेवर हाताने जोरात दाब देत वर आणायचं. वेग ताब्यात ठेवायचा, पण सेफ्टी स्टॉप करत बसायचं नाही. बोटीत आडवं झोपवा. हातापायाची जखम असेल तर तिच्यापासून धडाच्या बाजूला ५ ते ७ सेंटीमीटर वर टूर्निकेट, सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत आवळायचं. खूप दुखतं, पेशंट ओरडतो, म्हणून लोक सैल करतात, आणि सैल टूर्निकेट बांधून उलट जास्त रक्त जातं, कारण शीर दबते पण धमनी चालू राहते. एकाने थांबलं नाही तर त्याच्या वर दुसरं. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा टूर्निकेटवरच लिहा. मधे मधे सोडून बघायचं नाही, ते इस्पितळात सोडतील. जांघ किंवा काख असेल तर टूर्निकेट बसत नाही. तिथे स्वच्छ कापड जखमेत खोल कोंबून दोन्ही हातांनी दाब. ओलं अंग पुसा, पांघरूण घाला. थंडीने रक्त गोठायचं कमी होतं. ऑक्सिजन असेल तर लावा. पाणी-चहा काही देऊ नका.

नुसतं खरचटलं असेल तरी "बघू घरी गेल्यावर" नको. शार्कचे दात आणि समुद्राचं पाणी, दोन्हीतले जंतू वेगळे असतात, जखम दोन दिवसांत चिघळते. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधीच अद्ययावत करून घ्या.

आणि प्रवास विमा. आपल्याकडच्या कित्येक पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. बारीक अक्षरं वाचा, नाहीतर डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारखा डाइव्हिंगचा वेगळा विमा घ्या. विमानाने हलवायची वेळ आली तर तो खर्च आपल्या खिशाबाहेरचा असतो.

---

कंडू_किनारा

मला हे आमिषाचं प्रकरणच पटत नाही. बंदरात मासळीचा कचरा पडतो म्हणून शार्क येतात हे खरं, पण त्यावर रोज बोटीभर पर्यटक आणून आणखी डोकी दाबायची, यात शार्क माणसाच्या जवळपणाला सोकावतो. तुम्ही शार्कमध्ये नवीन आहात, तर आधी चॅनल डाइव्ह करा, म्हणजे प्रवाळाच्या कड्यामधल्या खिंडीतली डाइव्ह. वावू ॲटॉलला (प्रवाळ बेटांचं कडं) फोत्तेयो, मियारू कंडू अशा जागी ग्रे रीफ शार्क आमिषाशिवाय दिसतात. जानेवारीत ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे प्रवाह पूर्वेकडून आत येतो, म्हणून पूर्वेकडच्या चॅनलच्या तोंडाशी पाणी स्वच्छ आणि शार्क जास्त.

तिथे धोका वेगळा: प्रवाह आणि खोली. मालदीवमध्ये करमणुकीच्या डाइव्हला ३० मीटरची मर्यादा आहे आणि चॅनलचं तोंड बरोबर त्याच खोलीवर असतं. शार्क बघता बघता माणूस ३४ ला जातो, नो-डेको वेळ संपते, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे (डेको) घ्यावे लागतात. मनगटावरच्या डाइव्ह संगणकावर २८ ला गजर लावा.

प्रवाहात जागेवर थांबायला रीफ हुक (दोरीला बांधलेला आकडा) लागेल. मेलेल्या खडकातच अडकवायचा, दुसरं टोक बीसीडीच्या पुढच्या खालच्या कडीला, मग बीसीडीत थोडी हवा भरून पतंगासारखं तरंगायचं. सोडताना आधी ती हवा काढायची, मग हुक. उलट केलं की प्रवाह तुम्हाला वर उचलतो.

ग्रे रीफचा इशारा ओळखायला शिका. पाठीला बाक, थुंथनी वर, छातीचे पर खाली दाबलेले, अंग आळोखेपिळोखे देत ताठ पोहणं. हे दिसलं म्हणजे तुम्ही त्याला कोंडलंय. फ्लॅश बंद, त्याची बाहेरची वाट मोकळी करून द्यायची आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे. टायगर असा इशारा देईलच याच्या भरवशावर राहू नका.

---

निळाई

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. एका सेंटरने उत्तर पाठवलंय: पाण्यात एक गाइड आणि सहा पाहुणे, सेफ्टी स्टॉप "त्याच जागेवर", अनुभव किती ते विचारलंच नाही. टूर्निकेटबद्दल विचारलं तर "आजवर गरज पडली नाही". दुसरं सेंटर थोडं महाग आहे: दोन गाइड, आणि पहिल्या दिवशी आमच्याकडून साध्या रीफवर चाचणी डाइव्ह करून घेणार म्हणे. कंडू, तुमचं म्हणणं नवऱ्याला पटलंय, वावूला आधी जायचा विचार चालू आहे. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किती वेळाने ठेवू?

---

दर्यावर्दी

दुसरं सेंटर घ्या, चर्चा नको. एकच गाइड असेल तर एखाद्याची हवा ८० बारला आली की एकतर सगळ्यांनी निघायचं किंवा त्याने एकट्याने वर जायचं, आणि दुसरा पर्याय या जागी नाहीच. त्यांना आणखी दोन गोष्टी विचारून ठेवा. डाइव्ह रद्द कधी करता? दृश्यमानता दहा-बारा मीटरच्या खाली आली, संध्याकाळ व्हायला लागली, लाटेमुळे तळाशी बसता येईना, किंवा आमिष सुटून तुकडे पाण्यात तरंगायला लागले, यातलं काहीही. "आम्ही कधी रद्द करत नाही" हे उत्तर आलं तर पैसे परत मागा. दुसरं, पाहुण्यांना आमिष हातात देता का? हो म्हणाले तर तिथेही नको.

कंडूंशी आमिषाबद्दल माझं पूर्ण जुळत नाही, पण आधी वावू, मग फुवाहमुला हा क्रम बरोबर आहे. फक्त मध्ये विमान आहे हे विसरू नका. फुवाहमुला ते माले हेसुद्धा विमानच, मालेहून मुंबईचं तेवढं विमान असं नाही. रोज अनेक डाइव्ह करत असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास हवेत, डेको झाली असेल तर २४ च्या पुढे. तेव्हा वावूच्या शेवटच्या दिवशी फक्त सकाळची डाइव्ह आणि फुवाहमुलाचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. परतताना तोच हिशेब. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा कमी असते, वजनं आणि सिलिंडर तिथलीच घ्या. मास्क, संगणक, एसएमबी आणि ते दोन टूर्निकेट तेवढे स्वतःचे.